दर खाचेला दुहेरी गाठ

भास्करराव माझ्या ऑफिसात शिरले तेव्हा मी मनात म्हटलं, आला हा वैरी. डोणगावात माझा अशील संतोष वानखडे याच्या दुकानासमोरच त्यांचं दुकान. दोघंही मोटर वायंडिंगवाले, म्हणजे विहिरीवरची मोटर जळाली की आतली तांब्याची तार नव्याने भरून देणारे. संतोषने समोर दुकान थाटलं आणि निम्मी गिऱ्हाइकं तिकडे वळली, तेव्हापासून सहा वर्षं दोघांत अबोला.

संतोषवर खटला होता चोरीचा माल जाणूनबुजून बाळगल्याचा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची, त्यांना आपण पाटील म्हणू, पाच एचपीची जळालेली मोटर विहिरीवरून काढून ठेवलेली होती, ती चोरीला गेली. चार दिवसांनी पोलिसांना संतोषच्या दुकानात तशीच हिरवी, तशीच जळालेली, कंपनीची पट्टी निघालेली मोटर सापडली. पाटलांनी ती पाहताक्षणी ओळखली. खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच ती आपली वाटत होती.

"मोटर कोणाची रे?" मी संतोषला पहिल्याच दिवशी विचारलं.

"गिऱ्हाइकाची हाये मॅडम. शेजारच्या खेड्यातला एक जण टाकून गेला."

"चिठ्ठी दिली होतीस?"

"चिठ्ठी कोण मागते? लोकं मोटर टाकतात, 'पाह्यजो रे' म्हणतात, अन् चालले जातात."

आमच्याकडची ही रीतच आहे. त्या माणसाला मी हुडकून काढलं. त्याने मोटर जुनी, बिनबिलाची घेतली होती. पोलिसांचं नाव निघताच त्याने हात वर केले. म्हणे, माझी मोटर नव्हेच ती. मला इतका संताप आला की पुढ्यात ठेवलेला चहा तसाच सोडून मी उठले. इकडे संतोषच्या बायकोला पिठाच्या गिरणीवर बायका टोमणे मारत होत्या. संतोषला मात्र तुरुंगापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. "मॅडम, उद्या मी सुटलोही. पण माह्याकडे मोटर कोण टाकून जाईन?"

मेहकर कोर्टात मी पाटलांची उलटतपासणी घेतली. समोरच्या साक्षीदाराला आम्ही खोदून खोदून प्रश्न विचारतो, ती उलटतपासणी. मी रंगावर विचारलं, मोटरीला पडलेल्या पोच्यावर विचारलं. पाटील तसूभर हलले नाहीत. वर ऐटीत म्हणाले, "माह्या मोटरीले तीस वर्षांत भास्करशिवाय कोणी हात लावला नाई." मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. पंचवीस वर्षं वकिली करून कानात बोळे घालून बसले होते, दुसरं काय!

पाटलांचं ते वाक्य गावात पोचलं आणि दोन दिवसांनी भास्करराव माझ्यासमोर उभे राहिले.

"बसा."

"बसत नाई. एकच इचारतो. ते मोटर उघडून पाह्यली काय तुमी?"

"जळालेल्या मोटरीत काय दिसणार?"

"एक बाजू जळते. दुसऱ्या बाजूचा दोरा राह्यते."

मग त्यांनी मला शिकवलं. मोटरीच्या आत गोलाकार खाचा असतात. त्यांत तार भरतात. खाचांबाहेर आलेली वेटोळी दोऱ्याने आवळून बांधतात, नाहीतर थरथरीने ती सैल होतात. बहुतेक मिस्त्री एक खाच सोडून गाठ मारतात. भास्करराव दर खाचेला मारतात आणि तीही दुहेरी.

"मोटर पाटलाची असन तर आत माह्या गाठी सापडतीन. नसन तर नाई," ते म्हणाले. "सापडल्या तर मी कोर्टात तसंच सांगीन. मंग पोट्टा गेला आत."

"आणि नाही सापडल्या तर पाटील तुमच्यावर बिघडतील. एवढं मोठं गिऱ्हाईक."

"ते मले माहीत हाये." एवढं बोलून ते निघाले.

आता माझी पंचाईत. अशील खोटं बोलत असेल तर मीच त्याला अडकवणार. संतोषला फोन लावला. तो क्षणभरही थांबला नाही. "उघडा मॅडम."

मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेली वस्तू, उघडण्याचा मी अर्ज दिला. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, पण न्यायाधीशांनी परवानगी दिली. त्या दिवशी भास्करराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, स्वतःचा पाना घेऊन आले. बोल्ट गंजलेले. शेवटचा काही केल्या फिरेना. 

झाकण निघालं. जळका वास आला. भास्कररावांनी चष्मा लावला आणि दोऱ्यावरून बोट फिरवत सगळं रिंगण पाहिलं.

"एक सोडून एक हाये. साधी गाठ. हे काम माह्यं नाई."

"त्या दिवशी घाईत असाल," सरकारी वकील म्हणाले.

भास्कररावांनी चष्मा काढला. "साहेब, घाई असन तर मी मोटर उद्या देतो. गाठ सोडत नाई."

"आरोपीने नंतर नवी तार भरली असेल."

"चार दिवसांत नवी भरली अन् पुन्हा जाळली काय?"

न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्ही दर खाचेला बांधता, हे कशावरून?"

भास्कररावांनी मागे बसलेल्या पाटलांकडे बोट केलं. "यायच्या विहिरीवर आज जे मोटर चालू हाये, ते उघडा. आताच चला."

पाटलांनी मान खाली घातली. मोटर उघडायला कोणी गेलं नाही.

संतोष निर्दोष सुटला. कोर्टाच्या आवारात तो भास्कररावांच्या पाया पडायला वाकला, तर ते मागे सरले. "गाठी माह्या असत्या तर तुले आत घातलं असतं बे."

मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते यासाठीच. ते संतोषला वाचवायला आलेच नव्हते.

पुढच्या हंगामात पाटलांची मोटर जळाली. भास्कररावांवरच्या रागापोटी त्यांनी ती संतोषकडे पाठवली. चिठ्ठीबिठ्ठी काही न मागता गडी ती टाकून चालला होता. संतोषने त्याला थांबवलं. "समोर ने. तीस वर्षं ज्यानं बांधली, त्यालेच बांधू दे." पाणी द्यायचं खोळंबलं होतं, त्यामुळे पाटलांचाही नाइलाज झाला.

तेव्हापासून मी मुद्देमाल उघडून पाहिल्याशिवाय केस उभी करत नाही. वकिलाने कागद वाचावेत, पण वस्तूही वाचावी.

परवा डोणगावला गेले तेव्हा भास्कररावांना मुद्दाम डिवचलं, "पाटलांच्या त्या मोटरीलाही दुहेरीच गाठ मारली का हो?"

ते तारेतून मान वर न काढता म्हणाले, "मोटरीनं काय गुन्हा केला?"