आबांच्या खळ्याची आग

कॉलेजच्या प्रकल्पासाठी मी धुळ्यातल्या अग्निशमन केंद्रात गेले होते. खरा प्रश्न मात्र घरचा होता. गेल्या उन्हाळ्यात नरडाण्याजवळच्या आमच्या गावात मोठ्या काकांच्या खळ्याला आग लागली आणि बंब येईपर्यंत दोन म्हशी गेल्या. "ते लोक झोपलेले असतात," असं माझे वडील तेव्हापासून पारावर सगळ्यांना सांगतात.

एका वयस्क जवानाने मला बंब दाखवला. मी चाचरत विचारलं, "गावात बंब उशिरा का पोचतो?"

तो हसला. "ताई, लोक पत्ताच देत नाहीत. गेल्या वर्षी एकाचा फोन आला, 'आबाना खळाले आग लागनी, बंब धाडा.' कोणतं गाव, विचारलं, तर म्हणे 'आपलंच गाव, भाऊ' आणि फोन बंद. परत लावला तर सारखा एंगेज. शेवटी नरडाण्याकडे धूर दिसतोय, असं कोणीतरी कळवलं. तिकडे प्रत्येक गावात एक आबा."

मोठ्या काकांना सगळं गाव आबा म्हणतं. तो फोन माझ्या वडिलांनी केला होता आणि मग ते एकेका नातेवाइकाला कळवत बसले होते. मी शेजारीच उभी होते. मलाही काही चुकलंय असं वाटलं नव्हतं.

"ते माझे वडील," मी म्हणाले.

त्याचं हसू मावळलं. "त्यांना सांगू नका. घाबरलेल्या माणसाला काय सुचतं?"

पण मला सांगावंच लागणार होतं. बाबा ज्यांना वर्षभर नावं ठेवत होते, त्यांच्यातलाच एक जण बाबांची बाजू घेत होता.