चार बाजूंचा बान-ऊ

"पाच बाजू झाल्या तर काय बिघडलं, आई? आत भात तोच ना?" थामनं हातातला बान-ऊ सासूपुढं ठेवला. बांबूच्या पानात बांधलेला चिकट भाताचा तो पुडा खालून चौकोनी होता, ताटात ऐटीत बसला.

"कलंडव त्याला," बा साऊ म्हणाल्या.

थामनं ढकलला.

"बघ. वर टोक नाही, धार आली. आता माझा टाक, कसाही."

चार तिकोनी बाजूंचा पुडा लोळला आणि टोक वर करून बसला.

"उद्या सणाला पूर्वजांपुढं ठेवायचाय. टोक वरच हवं."

"मुद्दाम पाडल्याशिवाय माझा कलंडत नाही. डब्यातही चिकटून बसतात. तुमच्यांत नुसत्या फटी."

"शिजताना फटीतूनच पाणी फिरतं, बये."

टांगलेल्या झोळीत पडलेला थामचा नवरा तोआन हसला. "आज बान-ऊ शिजतायत की भांडण?"

"तू बोलू नकोस," थाम म्हणाली. "पानं आणायला गेलास आणि सकाळभर कॉफी ढोसत बसलास."

सा देक गावातल्या या घरात सून म्हणून आल्यापासून बा साऊ हेच करत आल्या होत्या. पानाचा द्रोण, त्यात भात, मग तोंड तिकोनी चेपून पान वरून ओढून घ्यायचं. चौकोनी चेपलं की पाचवी बाजू आलीच. तिकोनाचा शेवटचा कोपरा अंगठ्यानं दाबायचा. तो ढिला राहिला की सगळं वाया. वर्षभर त्या अंगठ्याच्या मुळाशी ठणका होता. घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यांनी चुलीवरच्या हंड्याचं झाकण काढलं. थामचे पुडे लाल दोऱ्यानं बांधलेले, त्यांचे लव्हाळ्याच्या पातीनं. पातीचे बरेच कोपऱ्यात उकलले होते, भात बाहेर आला होता. थाम झारा घेऊन पुढं आली आणि फुटलेले भराभर बाजूच्या पातेल्यात काढू लागली. हात सरावल्यासारखा चालला होता.

"माझे फुटलेले कधीपासून लपवतेस?" बा साऊंनी विचारलं.

"कुठं काय, आई. यंदा पानंच पातळ आहेत."

"तुझीही तीच पानं आहेत."

बा साऊंनी झाकण ठेवलं, हात पुसले.

"आजपासून मी बांधणार नाही. पानं धुऊन देईन. पूजेचेही थामच बांधेल, बाजू तिला वाटतील तेवढ्या. तोआन, ऊठ, ताटं घे."