न रुसलेल्या जावयाची समजूत

या प्रकाराला तीसेक साक्षीदार आहेत आणि ते एकूण एक माझ्या सासुरवाडीचे. तेव्हा तुम्ही माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं! रावेरकडचा कुणी भेटला तर तो चार गोष्टी पदरच्या घालून सांगेल. मी दोनच घालतो.

माझं धुळ्यात भांड्यांचं दुकान. शिक्षण दहावी, तेही दोनदा. पण गिऱ्हाईक पायरी चढतानाच मी ओळखतो, याला कुकर हवा की कढई. असा मी हुशार माणूस! आणि या हुशार माणसाला जगात एकाच प्राण्याचा हेवा वाटतो. साडूचा!

तुम्हाला साडू आहे का? असेल तर पुढचं तुम्हाला अर्धं समजलंच.

आमचे साडू प्रमोदराव, माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान. जळगावला बँकेत असतात. माणूस सज्जन. कधी चढा आवाज नाही, कधी वाकडा शब्द नाही. म्हणजे नाव ठेवायला जागाच नाही, हा केवढा त्रास! पण दहा वर्षं मी गोडीगुलाबीने काढली, कारण त्यांचं पोट माझ्यापेक्षा दोन बोटं पुढे होतं. मोठ्या जावयाला आणखी काय हवं?

गेल्या दिवाळीला ते सासुरवाडीला आले आणि पोट जळगावलाच ठेवून आले! शर्ट आत खोचलेला. कमरेला पट्टा. दहा वर्षांत मी त्यांचा पट्टा पहिल्यांदा पाहिला.

अक्का, म्हणजे आमच्या सासूबाई, हातातली आरती तशीच धरून बघत राहिल्या. "अहो प्रमोदराव, लग्नात होते तसे दिसून राह्यले तुम्ही!"

झालं! फराळ राहिला बाजूला आणि प्रमोदरावांचं प्रवचन सुरू झालं.

"आपण शाकाहारी माणसं बाहेर जेवायला गेलो की फसतो," ते म्हणाले. "आपल्याला वाटतं, मांसमच्छी नाही म्हणजे पथ्याचंच झालं. मग शेवभाजीवर बोटभर तर्री, पनीर, त्यावर लोण्याची नान. मी काय करतो, निघायच्या आधी घरीच मूठभर मोडाचे मूग खातो. उपाशी माणूस हॉटेलात शुद्धीवर राहत नाही. तिथे आधी काकडी-गाजर, मग वाटीभर साधं वरण, भाजी घेताना वरचं तेल सोडायचं, भाकरी एक, शेवटी ताक. बस!"

खरं सांगतो, सल्ला सोन्यासारखा होता. पण साडूचा होता!

आमचे सासरे आबा केळीचे बागायतदार. त्यांनी आजवर कुणाची स्तुती केलेली मी ऐकली नव्हती. ते म्हणाले, "निग्रह पाह्यजे माणसाले." आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात तेव्हा तिसरा अनारसा होता.

परतताना गाडीत बायको म्हणाली, "प्रमोदराव किती छान दिसतात ना आता?"

मी गिअर बदलला.

त्या दिवशीच ठरवलं. आपणही पथ्य करायचं. पण प्रमोदरावांसारखा गाजावाजा करायचा नाही. गुपचूप करायचं. बघणाऱ्यांनीच चाट पडून विचारलं पाहिजे, "का हो, तुम्ही काही खात नाही ते?" मग आपण हळूच, नम्रपणे सांगायचं. नम्रपणाची मी दुकानात तालीमसुद्धा केली. स्टीलच्या परातीत बघून.

संधी जानेवारीत आली. आबांच्या मळ्यात भरीत पार्टी! आमच्याकडची भरीत पार्टी म्हणजे काय ते बाहेरगावच्या माणसाला जेवल्याशिवाय कळायचं नाही. केळीच्या बागेच्या कडेला कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी-पांढरी वांगी भाजून काढायची. मग लाकडी बडगीत मिरची-लसूण घालून ठेचायची, त्यात कांद्याची पात, दाणे, खोबऱ्याचे काप. केळीच्या पानावर भरीत, आणि जोडीला ज्वारीत उडीद घालून दळलेल्या कळण्याची भाकरी. भाजलेलं वांगं, पात, भाकरी, मुळा, दही! शाकाहारी माणसाला घराबाहेर याहून पौष्टिक काय मिळणार?

पण एवढा विचार केला असता तर मी साडूचा हेवा केला नसता.

मी सकाळीच मोडाचे मूग दुकानातल्या एका छोट्या डब्यात भरले आणि कुर्त्याच्या खिशात घातले. दुपारी पंगत बसली. अक्का भरताचं पातेलं घेऊन आल्या आणि त्यांनी पहिला डाव वाढला प्रमोदरावांच्या पानावर. प्रमोदरावांनी वरचं तेल कडेला सारलं, एक भाकरी घेतली, मुळा उचलला. सगळे कौतुकाने बघतायत!

मग माझ्या पानापाशी आल्या. मी दोन्ही हात पानावर आडवे धरले.

"नको अक्का. मला काही नको."

आणि ते परातीत घोटलेलं नम्र हसू हसलो.

आता कुणीतरी 'का?' म्हणेल. मी थांबलो. कुणी म्हणेना. अक्कांचा डाव हवेत. शेजारच्या माणसाचा घास हातात. तीस माणसांची पंगत एकदम गप्प! मला वाटलं, माझ्या निग्रहाचा केवढा हा दरारा!

थोड्या वेळाने माझा मेहुणा किशोर शेजारी येऊन उकिडवा बसला. हळू आवाजात म्हणाला, "दाजी, आमचं काही चुकलं का?"

"छे रे! काहीच नाही."

"मग भाकरी तरी घ्या."

"नको म्हटलं ना."

"पुऱ्या तळू का?"

"काही नको. तुम्ही जेवा, माझी काळजी करू नका."

किशोरचा चेहरा पडला. आता मला सांगा, रुसलेला जावई याहून वेगळं काय बोलतो? 'मी रुसलोय' असं म्हणून कुठला जावई रुसतो? सासुरवाडीच्या पंगतीत मोठ्या जावयाने पानावर हात धरले म्हणजे त्याचा एकच अर्थ होतो, आणि तो तिथल्या लेकराबाळांना ठाऊक होता. हुशार माणसाला तेवढा नव्हता!

मी उठलो, हात न उष्टावता धुतले, आणि पाय मोकळे करायला म्हणून केळीत शिरलो. का, तर भुकेने जीव चाललेला! भरताचा वास मागोमाग येत होता. दोन ओळी आत जाऊन मी डबा उघडला आणि मूग बचाबचा खाऊ लागलो. मागे पाचोळा वाजला. बघतो तर प्रमोदराव! जेवणानंतरची शतपावली घालत होते.

त्यांनी मला बघितलं. डब्याकडे बघितलं. मान वळवली आणि निघून गेले. म्हटलं ना, सज्जन माणूस!

मी बाहेर आलो तर मळ्यात वेगळंच चाललेलं. पंगत अर्धवट उठलेली. मोठा जावई उपाशी, म्हणून घरचं कुणी पुढे जेवेना. भरीत गार होतंय. बायका एका बाजूला, आबा, अक्का आणि किशोर दुसऱ्या बाजूला. माझी बायको माझ्याकडे अशी बघत होती की मी त्या क्षणी केळीत परत गेलो असतो.

तिने येऊन दंडाला चिमटा काढला. "काय चालवलंय हे? माझ्या माहेरच्या माणसांना रडवायला आणलं का मला?"

"अगं, पण मी..."

तेवढ्यात आबा समोर आले. डोक्याची टोपी काढून हातात घेतलेली.

"जावाईबुवा," ते म्हणाले, "धोंड्याच्या महिन्यात प्रमोदरावांले अंगठी केली अन् तुम्हाले चांदीचं ताम्हण. तेच मनात धरलं ना तुम्ही? माझंच चुकलं. भांडीवाल्याले भांडं द्यायला नको होतं."

आता इथे एक कबुली देतो. धरलं होतं! ताम्हण घरी आणलं त्या रात्री मी कुशीवर कुशी बदलत होतो. पण बायकोलाही कधी बोललो नव्हतो. आबांना कसं कळलं? मी जागच्या जागी गोरामोरा झालो, आणि माझा चेहरा बघून तीसच्या तीस माणसांची खात्री पटली.

आबा बोटातली अंगठी ओढायला लागले. ती निघेना. चाळीस वर्षांची बसलेली! किशोरने पातेल्यातलं भरताचं तेल आणून त्यांच्या बोटाला चोळलं. सत्तरीचा म्हातारा, तेलकट बोट, ओढतोय, चेहरा लाल झालाय, आणि समोर मी उभा! धरणी दुभंगली असती तर मी त्या वेळी डबा घेऊन आत उतरलो असतो.

"आबा, नको! शपथ घेतो, मी रुसलेलो नाही!"

"बघा, अजून रुसलेलेच आहेत," मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हा प्रमोदराव पुढे आले. अगदी प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आबा, थांबा. भाऊ रुसले नाहीत. त्यांनी माझ्यासारखंच पथ्य सुरू केलंय. मघाशी केळीत मूग खाताना मी बघितलं त्यांना. भाऊ, सांगून टाका ना, यात लाजायचं काय?"

सुटलो होतो! एक 'हो' म्हटलं की सगळं मिटत होतं. अंगठी बोटात राहत होती, बायको शांत होत होती, आबांची टोपी डोक्यावर जात होती.

पण ते 'माझ्यासारखंच'! तो एक शब्द कानात शिरला आणि डोकं फिरलं. म्हणजे उद्यापासून गावभर काय होणार? "धाकट्याचं बघून मोठ्याने सुरू केलं!" दर दिवाळीला हा माणूस मला विचारणार, "काय भाऊ, किती उतरलं?"

"पथ्य?" मी ओरडलो. "कुठलं पथ्य? मी रुसलोच आहे!"

बायकोने कपाळावर हात मारला.

"पण अंगठीसाठी नाही," मी घाईने म्हटलं. "मोठा जावई मी, आणि भरताचा पहिला डाव यांच्या पानावर का?"

अक्का अशा हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "एवढ्यासाठी! अहो, मंग बोलायचं नाही का तेव्हाच?"

"पण भाऊ," प्रमोदराव गोंधळून म्हणाले, "ते मूग?"

"गाईसाठी आणलेत."

"तुम्ही खात होता."

"चव बघत होतो! मुक्या जनावराला काहीही कसं द्यायचं?"

मग काय! उरलेले मूग सगळ्यांसमोर गाईला घालावे लागले. तिने दोन घासांत माझं पथ्य संपवलं. आणि मला पाटावर बसवून समजूत काढायला सुरुवात झाली. एका रुसव्याला किती घास लागतात, माहितीये? अक्कांनी एक भरवला. आबांनी तेलकट हाताने एक. किशोर, त्याची बायको, मेहुणी, चुलत सासरे. प्रत्येकाचा घास घेतला नाही तर तो माणूस नाराज! सहाव्या माणसापर्यंत मी पाहुणा होतो, पंधराव्याला मी पोतं झालो होतो. शेवटचा घास भरवला प्रमोदरावांनी. तेल निथळून!

तेव्हापासून सासुरवाडीला पहिलं पान माझं. किशोर लांबूनच ओरडतो, "आधी दाजींना वाढा रे, आणि भरपूर वाढा!" मान मिळाला बुवा. नको म्हणायची सोय मात्र गेली.

परवा अंगाला सूज वाटली म्हणून धुळ्यात डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, वजन बघितलं, चष्मा काढला. "शेठ, आजार काही नाही. खाणं जास्त आहे. बाहेर जेवताना आजपासून पथ्य पाळा."

मी खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणला. "पाळतो डॉक्टर, जन्मभर पाळतो. फक्त कागदावर एखादा मोठा आजार लिहून द्या. साडूचं बघून सुरू केलं, असं कुणाला वाटायला नको!"