थाळीखालचं कुंकू

अप्पा गेल्यापासून आई बोलते. सकाळी डोळे उघडल्यावर जी सुरू होते ती रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत. येलहंक्याचं तिचं माहेर, माहेरची म्हैस, समोरच्या अक्कांची सून, कोथिंबिरीचा भाव, पुन्हा म्हैस. माझ्या धाकट्या भावाला याची फार लाज वाटते. तो राहतो शहराच्या दुसऱ्या टोकाला, एचएसआर लेआउटमध्ये. रविवारी राजाजीनगरला आमच्याकडे येतो, सोफ्यावर बसून मोबाइल काढतो आणि आईनं तोंड उघडलं की मान डोलवायला लागतो. या मान डोलवण्याला तो ‘आईला वेळ देणं’ म्हणतो.

एका रविवारी मोबाइलमधून डोकं न काढता तो म्हणाला, “अक्का, आईला एंगेजमेंट पाहिजे. अप्पांचा रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त कर ना. गाणी ऐकत शांत बसेल बिचारी.”

स्वतः करायला त्याला वेळ नव्हता, पण मतं ढिगानं होती. हल्ली त्याला कॅफेत बसून रेकॉर्डी ऐकायचं वेड लागलंय. ‘वॉर्म साउंड’ असतो म्हणे. डोंबलाचा वॉर्म! ज्याला शेजारच्या खोलीतून आईची हाक ऐकू येत नाही, तो आवाजातली ऊब ओळखणार. तरी मी हो म्हटलं, कारण मलाही दुपारचा तासभर हवा होता. माझं ऑफिस घरूनच चालतं आणि ऐन मीटिंगमध्ये ती म्हैस येते.

त्या प्लेअरनं आमच्यावर राज्य केलं होतं. संध्याकाळी अप्पा बँकेतून आले, कॉफी झाली, रेकॉर्ड लागली, की घरात कोणी ब्र काढायचा नाही. कुकरची शिटी झाली तरी आईकडे असे बघायचे, जणू तिनंच तोंडानं वाजवली. आई काही सांगायला आली की ओठावर बोट. “श्श!” बरं, गाणं कळत होतं म्हणावं तर तेही नाही. रेकॉर्डची बाजू संपून सुई खरखरत राहिली तरी यांची मान डोलतेच आहे. स्वारी सरळ झोपलेली असायची. आणि झोपेतसुद्धा आमचा आवाज चालायचा नाही.

प्लेअरला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. फक्त दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेच्या सकाळी, आईनं तो पुसायचा आणि त्याची पूजा मांडायची. त्या दिवशी गल्लीतल्या रिक्षापासून घरातल्या विळीपर्यंत सगळ्यांना गंध-कुंकू लागतं, तसं त्यालाही लागायचं. मी कॉलेजात असताना तो अडखळायला लागला. भलेभले गवई उचकी लागल्यासारखे गायला लागले, आणि एक दिवस रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरायचीच थांबली. मेकॅनिकला दाखवू या म्हटलं तर अप्पा अंगावर आले. परका माणूस स्क्रूड्रायव्हर लावणार म्हणजे काय! दोष व्होल्टेजचा होता, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यासाठी स्टॅबिलायझर आणला. प्लेअर हलला नाही. पुढं दरवर्षी दोघांची पूजा व्हायला लागली.

तर मी कामाला लागले. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून व्हिडिओ बघितले. पांढरे हातमोजे घातलेला एक गोरा इसम एक स्क्रू काढायचा आणि त्या स्क्रूवर प्रवचन द्यायचा. मग हौशी लोकांच्या एका ग्रुपात शिरले. कुठलं तेल घालू, एवढंच विचारलं होतं. एकानं उत्तर दिलं की आधी ऐकायचं कसं ते शिका. दुसऱ्यानं आपल्या स्पीकरांचा फोटो पाठवला. सगळे पुरुष, सगळे अप्पा. तेलाचं नाव एकानंही सांगितलं नाही. शेवटी मी माझं शिलाई मशीनचं तेल घेतलं. सुई मात्र एसपी रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात मिळाली. दुकानदारानं ती दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलची काढून दिली आणि वर थोडं जुळवून घ्यायचा सल्ला दिला, “स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी, मेडम.” मी केली अ‍ॅडजस्ट. बसली.

पण बटण दाबलं की आत नुसती घरघर. मग एका दुपारी मी रबरी चटई काढली आणि थाळी धरून वर ओढली. सुटता सुटेना. सुटली तेव्हा आत लालभडक.

मधला दांडा ज्या भोकात फिरतो ते भोक कुंकवाच्या चिखलानं भरून दगड झालं होतं. थाळी फिरवणाऱ्या रबरी चाकाभोवती अक्षता अशा ठासलेल्या, की डब्यातसुद्धा कोणी तांदूळ इतके दाबून भरत नाही.

“आई, केवढं कुंकू सांडलंय गं आत!”

आई शेंगा सोलत बसली होती. तिनं वाकून बघितलं.

“सांडलं कसं? घातलंय मी.”

मी थाळी खाली ठेवली.

“वर्षातून एकदाच हात लावू द्यायचे,” ती म्हणाली. “अप्पा खाली स्कूटरपुढे कोहळा फोडायला जायचे ना, तेवढ्यात थाळी उचलायची. कुंकू, अक्षता, वर समईतलं तेल. पहिल्या वर्षी काहीच झालं नाही. मग जरा सढळ हातानं घातलं.”

“आणि बंद पडल्यावर?”

“बंद पडल्यावर अप्पा बोलायला लागले. संध्याकाळी दुसरं करणार काय! व्होल्टेजवरच बोलायचे, पण बोलायचे.” तिनं शेंगेतला कुजका दाणा काढून टाकला. “मी ऐकायचे. माझी पाळी यायची होती अजून.”

मी तिथंच थाळी परत बसवून टाकायला हवी होती. पण ग्रुपातल्या त्या शहाण्यांची जिरवायची होती, आणि अर्धं उघडलेलं काम मला बघवत नाही. आई म्हणाली, “कर बाई, हौस आहे तुझी.” मग रोज दुपारी मी कापसानं आणि स्पिरिटनं कुंकू खरवडायचे आणि ती शेजारी बसून बोलायची. तेल मी सगळीकडे घातलं, रबरी चाकालासुद्धा. अक्कल बघा माझी! चाक नुसतं घसरत फिरतंय, थाळी ढिम्म. ते सगळं पुसून काढेपर्यंत आणखी काही दुपारी गेल्या.

त्या दुपारी मला म्हशीची गोष्ट पहिल्यांदा शेवटपर्यंत कळली. एरवी म्हैस गोठ्यातून बाहेर येईपर्यंत आम्ही सगळे उठून गेलेलो असायचो. ती म्हैस म्हणे आई शेजारी बसून बोलत असेल तरच पान्हा सोडायची. आई गप्प झाली की दूध बंद. आजोबा ओरडायचे, “अगं बोल, बोल, थांबू नकोस!” लग्न होऊन आई इकडे आली आणि म्हैस आटली. आमच्या अख्ख्या घरात त्या म्हशीएवढी अक्कल एकालाही नव्हती.

आयुधपूजेच्या दिवशी भाऊ सकाळीच आला. आईनं विळी, मिक्सर, माझा लॅपटॉप, सगळ्यांना कुंकू लावलं. प्लेअर दुरुस्त झाल्याचं कळल्यावर भावानं त्याचा फोटो काढला आणि तो कोणाकोणाला पाठवला, जणू यानंच रात्रंदिवस खपून केलाय. मग सोफ्यावर रेलून म्हणाला, “लाव, अक्का.”

मी अप्पांची आवडती रेकॉर्ड लावली. थाळी फिरली, सुई टेकली, जरा खरखर झाली आणि गाणं सुरू झालं. चांगलं स्वच्छ, खणखणीत. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू! भावानं डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला. हुबेहूब अप्पा.

आईचा चेहरा उजळला. “या गाण्याच्या वेळी तू पाळण्यात होतास,” ती त्याला सांगायला लागली, “आणि एकदा काय झालं...”

त्यानं डोळे उघडले नाहीत. नुसतं बोट ओठावर नेलं.

“श्श! आई, ऐक ना जरा.”

आईचं तोंड उघडंच राहिलं, मग हळूच मिटलं. तेवढ्या वेळात ती मला परत त्या जुन्या संध्याकाळांमधली दिसली, वाजू नये म्हणून काढलेली कुकरची शिटी हातात घेऊन दारात उभी. मला भावाच्या थोबाडीत मारावीशी वाटली. गाणं चालूच होतं, त्याला काय!

आईनं पदर सारखा केला आणि पूजेचं तबक उचललं.

“याची पूजा राहिलीय,” ती म्हणाली.

मी उठले. सुई उचलली, रेकॉर्ड काढून भावाच्या मांडीवर ठेवली, चटई बाजूला केली आणि दोन्ही हातांनी थाळी वर काढून धरली. भावानं आता डोळे उघडले होते. “अक्का, अगं काय करतेस?”

“घाल, आई,” मी म्हटलं. “सढळ हातानं घाल. आणि हा पाळण्यात असताना काय झालं होतं, ते सांग.”