मशीनवरचा सदरा

"धुऊन आना," गोधड्या शिवणारी मावशी एवढंच म्हणायची आणि जुन्या कपड्यांचं गाठोडं परत करायची. औशात तिच्याइतक्या नेटक्या गोधड्या कुणी शिवत नव्हतं, पण न धुतलेल्या कपड्याला ती सुई लावत नसे. घरात ती आणि तिची काळी पायमशीन, दोघीच. मशीन माझ्याहून वयानं मोठी असेल. कोंबडीच्या पिसानं ती तिला तेल द्यायची आणि काम संपलं की तिच्यावर एक पुरुषाचा सदरा चढवून त्याची सगळी बटणं लावायची. सदऱ्याची कॉलर घामानं काळी पडलेली होती. लोकांना धुवायला सांगते आणि हिला स्वतःचं दिसत नाही, म्हणून मला हसू यायचं.

लातूर नवा जिल्हा झाला होता, मी तिथल्या कचेरीत लागलो होतो. पुढं दुष्काळ पडला, त्यातच आई गेली. प्यायलाच पाणी नव्हतं, म्हणून आईचं लुगडं तसंच घेऊन गेलो.

"मावशी, धुतलेलं न्हाई."

तिनं लुगडं नाकाशी धरलं. परत केलं नाही.

"हे मधल्या थरात घालते," ती म्हणाली. "वर घातलं तर वास लवकर जातो. आन् पानी आलं तरी धुऊ नका, भाऊ."

गोधडी शिवून झाल्यावर तिनं सदरा मशीनवर चढवला. शेवटचं बटण लागेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो.