तिसऱ्या मजल्यावरचं खारं पाणी

नसीमआपा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच घरात होते. त्या नांदेडच्या दवाखान्यात, आणि मी इकडं हिंगोलीला त्यांच्या बैठकीच्या खोलीत, समुद्री माशांच्या टाकीपुढं वाकून पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळी वाचत होते. त्यांच्या दिरांचा फोन होता. "बाई, भाभी गई..." एवढंच बोलले. मी "बरं" म्हटलं. आजही त्या 'बरं'ची मला लाज वाटते, पण माणूस अशा वेळी बोलणार तरी काय? फोन ठेवला आणि नळी पुन्हा वाचली, कारण आधी वाचलेलं साफ विसरले होते. टाकीत एकच मासा होता, केशरी, अंगावर पांढरे पट्टे. त्याची खायची वेळ झाली होती म्हणून काचेशी येऊन तोंड उघडत होता, मिटत होता. त्याला खायला घातलं आणि मग तिथंच फरशीवर बसून मी रडले.

मातीला इरफान पोचू शकला नाही. हा आपांचा एकुलता एक मुलगा, जहाजावर स्वयंपाकी. दिरांनी सांगितलं की पोराला रजा मिळायला महिना तरी लागेल, चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत येईल. त्या दिवशी मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. इरफान येईपर्यंत ही टाकी जगली पाहिजे. आईनं आपल्यासाठी चार वर्षं सांभाळलेला समुद्र त्याला जिताजागता दिसला पाहिजे. नंतर काय व्हायचं ते होवो.

आपा शिवणकाम करायच्या. औंढा रोडच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार माझ्या दारासमोर. ब्लाउज असा शिवायच्या की अंगावर चढवला की दोन वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटे. तोंड मात्र कात्रीपेक्षा धारदार. "बाई, तुमचं जुनं माप कशाला ठेवू? तुमी तर दर दिवाळीला नव्या येता," असं चार बायकांत म्हणायच्या. मी सेनगाव तालुक्यातल्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. तीस वर्षं फळ्यावर महासागर काढले. स्वतः समुद्र पाहिला तो एकदाच, शाळेच्या सहलीत, तोही एकावन्न पोरांची डोकी मोजता मोजता. आपांनी तर तेवढाही पाहिला नव्हता. इरफान जहाजावर लागला तेव्हा त्या मला विचारायच्या, "खाऱ्या पाण्यात काय असतंय हो बाई? पोरगं रोज त्याच्यावर झोपून राहिलंय, आन् मला ठावंच न्हाई."

पहिल्या रजेत पोरानं आईचं हे म्हणणं मनावर घेतलं. हैदराबादहून काचेची टाकी, मोटारी, दिवा, समुद्राच्या मिठाची पोती आणि भोकाभोकांचे दगड घेऊन आला. फिल्टरच्या पाण्याचे जार आणून त्यात ते मीठ कालवलं, टाकी भरली, मोटार सुरू केली आणि म्हणाला, आता महिनाभर यात काही सोडायचं नाही, पाणी आधी तयार व्हायला पाहिजे. महिनाभर त्या घरात रिकामं पाणी दिव्याखाली घुमत होतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी मुद्दाम बघायला आल्या. "आपा, नुस्तं पाणीच पाळलं का?" आपा म्हणाल्या, "व्हय. तुमच्या नवऱ्यापरीस शांत हाय." मग थर्माकोलच्या डब्यातून दोन केशरी मासे आले. उन्हाळ्यात जारवाल्याकडं पाण्याची ओढाताण सुरू झाली की लोकांना आणखी तोंड फुटायचं, प्यायला न्हाई आन् हिला माशाला पाहिजे म्हणून. आपा आपल्या वाट्याच्या जारातून माशांचं पाणी काढून ठेवायच्या आणि स्वतः बोअरचं उकळून प्यायच्या. ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

इरफान परत गेला आणि एक अडचण झाली. त्या काचेच्या नळीवरच्या बारीक रेघा आपांना दिसत नव्हत्या. सुईत दोरा ओवायच्या अंदाजानं, पण आकडे काही जमेनात. म्हणून मला बोलावलं. तेव्हा आमचे हे जाऊन सहा महिने झाले होते, मुलगी बेंगळुरूला, आणि सकाळ उजाडली की पुढं दिवसभर करायचं काय हा प्रश्न माझ्या छातीवर येऊन बसायचा. मी जाऊ लागले. रोज आठला. नळी वाचायला मिनिटभर लागायचं, चहाला तासभर. आपा काचेच्या कडेला साचलेलं पांढरं मीठ अस्तराच्या तुकड्यांनी पुसायच्या आणि सांगायच्या, "बोट कोलंबोला लागली म्हणे काल." मी नकाशाचं पुस्तक उघडून कोलंबो दाखवायची. मग सिंगापूर, मग मोंबासा. वाटेत कुठला समुद्र लागतो, कुठं वारं कसं वाहतं, सगळं सांगायची. शाळेत कधी कुणी इतकं मन लावून ऐकलं नव्हतं हो! एकदा म्हणाल्या, "आज काठमांडूला हाय." मी चिडलेच. "आपा, तिथं डोंगर आहेत, बोट काय चढून गेली?" आपा शांतपणे म्हणाल्या, "मग पोरानं दुसरं कायतरी सांगितलं आसंल, मलाच ध्यानात ऱ्हायलं न्हाई." मी त्यांना पंधरा मिनिटं नेपाळ शिकवला.

आता माझा गुन्हाही सांगते. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आपा भाचीच्या लग्नाला चार दिवस कळमनुरीला गेल्या. जाताना टाकीच्या काचेवर मापाच्या खडूनं रेघ मारली आणि म्हणाल्या, "पाणी हिच्या खाली गेलं की रेघेपर्यंत भरा." बाहेर ऊन मी म्हणत होतं, पाणी गार राहावं म्हणून टाकीवर पंखा चालू, त्यामुळे पाणी रोज दोन बोटं उतरायचं. मी विचार केला, समुद्राचं पाणी कमी झालं तर समुद्राचंच घालायला पाहिजे. कोपऱ्यातल्या ड्रममधलं मीठ कालवलेलं पाणी मी चार दिवस त्यात ओतत राहिले. नळी सांगत होती की खारटपणा वाढतोय. मी म्हटलं, नळीच बिघडली. अहो, पाण्याची वाफ होते, मीठ मागंच राहतं, म्हणून मृत समुद्र इतका खारा... हे मी तीस वर्षं दर जूनमध्ये पोरांकडून घोकून घेतलं होतं! घालायचं होतं साधं, गोडं पाणी. चौथ्या दिवशी दोनांतला एक मासा तळाशी आडवा पडला होता.

आपा आल्या, बघितलं, एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं मला जन्मात माहीत नव्हतं. मी घरी येऊन कडी लावून घेतली. तीन दिवस आठ वाजायचे, मी पायात चपला घालायची आणि काढून ठेवायची. चौथ्या सकाळी दार वाजलं. आपा उभ्या. "बाई, नळी वाचायला काहून येऊन नाही राहिल्या?"

"कोणत्या तोंडानं येऊ, आपा?"

"हाय त्याच तोंडानं या. दुसरं कुठून आणता? चला, चहा उतू चाललाय."

त्या दिवसानंतर माशाचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मला वाटलं, केवढं मोठं मन या बाईचं! पोराची आठवण म्हणून जपलेला जीव मी मारला आणि ही मला चहा पाजते. त्या उपकाराच्या ओझ्यानं मी पुढं दोन वर्षं एक सकाळ चुकवली नाही. ताप होता तरी गेले.

आपा गेल्यावर तर मी हट्टालाच पेटले. दिवे गेले की धावत जाऊन बॅटरीवरचा पंप लावायचा, जार वेळेवर मागवायचा, ओतताना दोनदा चव घेऊन बघायची की गोडंच आहे ना. आपांचं मशीन कापडाखाली झाकलेलं, चहाचं पातेलं पालथं. त्या घरात एकटीनं मीठ पुसताना असं तुटायचं आत की काय सांगू. पण मासा जगला.

चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी इरफान आला. वाळला होता. टाकीपुढं बराच वेळ उभा राहिला. मी जरा अभिमानानंच म्हटलं, "बघ, एक दिवस चुकवला नाही. तुझी बोट शेवटी कुठं होती रे? आपा सांगायच्या आधीच आजारी पडल्या."

तो माझ्याकडं वळला. "बोट? मावशी, मी तर रियाधला हाय. हॉटेलात. दोन वर्षं झाली जहाज सोडून. मला समुद्राचं पाणीच सोसंना, उलट्या व्हायच्या सारख्या."

रियाध. चहूकडं नुसतं वाळवंट. मी भूगोलाची बाई, मला कुणी सांगायला नको होतं. पहिल्यांदा मला रागच आला. दोन वर्षं या बाईनं मला नकाशावर गरगर फिरवलं? मोंबासा? काठमांडू?

"अम्मीला ठाऊक होतं?" मी विचारलं.

"व्हय तर. मला वाटलं, तिनं तुमाला कधीच सांगितलं आसंल. मी जहाज सोडलं त्याच दिवशी तिला फोन केला. तो मासा मेला होता ना, त्याच आठवड्यात. म्हटलं, अम्मी, आता मी समुद्रावर न्हाई, कशाला तकलीफ घेती, टाकी काढून टाक. तर म्हणली..." इरफाननं नाक पुसलं. "म्हणली, काढू कशी? तीन दिवस झाले बाई आल्या न्हाईत. टाकी काढली तर त्या कशाला येतील? मला म्हणली, तू बोटीवरच हाईस, समजून चाल."

इरफान पाणी आणायला आत गेला, त्याला पातेली कुठं, पेले कुठं काही सापडेना, आणि मी नुसती बसून होते. सहा आठवडे मी कुणासाठी ते मीठ पुसत होते?

आपा, एवढं खोटं बोललात, त्यापेक्षा एकदा विचारायचं तरी होतं. मीही खरं सांगून टाकलं असतं. त्या माशांचा मला पहिल्या दिवसापासून कंटाळा होता हो. मी तुमच्याकडंच येत होते.