आसमानी स्कूटरचे मालक

गाडी विकताना तिच्याशेजारी उकिडवं बसून पेन्सिल घासावी लागते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. गाडीच्या सांगाड्यावर चेसिस नंबर ठोकलेला असतो. त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली की आकडे उमटतात, आणि तो छाप नाव बदलायच्या अर्जाला लावतात. नसत्या चौकशा करायची माझी खोड जुनीच. त्यामुळे बाबांची आसमानी स्कूटर विकायची ठरली, तेव्हा पेन्सिल मीच हातात घेतली.

बाबांच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता म्हणून गाडी जाणार होती. घेणारा जवळच्याच रुआबांध्याचा तरुण इंजिनियर, जुन्या स्कूटरींचा शौकीन. आमच्या नंबरप्लेटवर अजून राज्य वेगळं होण्याआधीचं एमपी लिहिलेलं पाहून तो खूश झाला होता. पण नावावर झाल्याशिवाय नेणार नाही म्हणाला. त्याच्या मामांनी तोंडी व्यवहारात विकलेल्या गाडीनं पुढं कुणाला तरी धडक दिली, आणि पोलीस आले ते मामांच्या दारात. बाबांना त्याचा हा काटेकोरपणा फार आवडला.

स्टील प्लांटच्या वसाहतीतल्या, सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरच्या अंगणात मी बाजूचा पत्रा काढला, रॉकेलच्या फडक्यानं मळ पुसला आणि छाप घेतला. इंजिनियरनं तो आरसी बुकाशी लावून पाहिला. पुन्हा पाहिला.

“अंकल, ये तो मैच नहीं कर रहा.”

एवढं बोलून तो एकदम जास्तच अदबीनं वागायला लागला, आणि तेच बाबांना लागलं. ज्या माणसानं प्लांटातून कधी साधा बोल्ट घरी आणला नाही, तो स्वतःच्या अंगणात चोरासारखा उभा होता. “तुले घासता येत नाही धड,” म्हणत ते माझ्यावरच उखडले आणि कण्हत खाली बसले. त्यांच्या छापातही तेच आकडे आले. इंजिनियर “बाद में आता हूँ” म्हणून निघून गेला.

मी बाबांच्या मागं लागले. गाडी कधी कुणाला दिली होती का? पूर्ण खोलली होती का? शेवटी ते म्हणाले, “रंग मारला होता. दोघांनी संगच.”

दुसरे म्हणजे त्यांच्याच खात्यातले मित्र, ज्यांना मी काका म्हणते. दोघांच्या गाड्या एकाच दिवशी आल्या, एकाच रंगाच्या. बाबांची सुट्टी होती, त्यांनी आधी जाऊन एक निवडली. काका फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर गेले आणि उरलेली घेऊन आले. तेव्हापासून “चांगली तूच उचलली” हे त्यांचं ठरलेलं टुमणं. पंधरा वर्षांनी नोंदणी वाढवायच्या आधी दोन्ही गाड्या एकाच गॅरेजात रंगल्या. अंगावरचं सगळं उतरवलेल्या दोन सारख्या गाड्या, आणि नंबरप्लेटा एका ढिगात.

“मग तेव्हा छाप नाही घेतला कोणी?”

“एजंटानं केलं सारं. त्यानं नंबर बुकातूनच उतरवला असंल.”

म्हणजे प्लेटा लावताना अदलाबदल झाली असणार. खात्री करायची तर काकांची गाडी पाहायला हवी होती, आणि घोडं तिथंच अडत होतं. दोघांमध्ये कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. रंगानंतरच्या हिवाळ्यात काकांची आई शेवटच्या घटका मोजतेय, असा नागपूरहून निरोप आला. दुर्ग स्टेशनच्या वाटेवर त्यांची स्कूटर बंद पडली, रेल्वे चुकली, आणि ते पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेराव्याला बाबा भेटायला गेले, तर काका चार माणसांत म्हणाले, “माझी गाडी तू चालवून राहिला. म्हणून मले माय दिसली नाही.” बाबा पाणीही न घेता उठून आले. मी काय त्याची गाडी चोरली का, हे वाक्य आमच्या घरात मग वर्षानुवर्षं ऐकू यायचं.

आता बाबा दिवाणावर बसून स्वतःशीच म्हणाले, “म्हणजे त्यानं खरं सांगितलं होतं.”

भंगारात देऊन टाकू, कोणाला कळणार आहे, असं मी म्हणून पाहिलं. ते चप्पल घालायला लागले. स्कूटर मी चालवली, ते मागं बसले, आणि आम्ही पद्मनाभपूरला काकांच्या घरी पोचलो.

दार काकांनीच उघडलं. “ये बेटा,” ते मला म्हणाले. बाबांकडं बघून न बघितल्यासारखं केलं. बाबा म्हणाले, “तुह्या गाडीचा नंबर पाहाचा आहे.”

“कावून?”

मीच सगळं सांगितलं. काकांची गाडी पोर्चमध्येच होती. तिच्यावरची जुनी चादर त्यांनी स्वतः ओढली. मी छाप घेतला. त्यांनी चष्मा लावला आणि आमचं आरसी बुक हातात घेऊन एकेक आकडा मोठ्यानं वाचला. शेवटचाही जुळला.

ते काय बोलतील याचा मला काही अंदाज येत नव्हता. काकू पाण्याचे ग्लास घेऊन दारातच थांबल्या होत्या. बाबांनी पहिल्यांदा काकांकडं सरळ बघितलं. “तू तेराव्याले बोलला ते खरं होतं. तुहीच गाडी होती माह्यापाशी.”

“मले काय माहीत होतं,” काका म्हणाले. “मी तं रागात बोललो होतो.” मग त्यांनी विचारलं, “एका किकमधे चालू होते?”

“होते.”

काका पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. आमच्या, म्हणजे त्यांच्या, स्कूटरच्या सीटवरून त्यांनी हात फिरवला आणि किक मारली. ती लगेच सुरू झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

“बस मांगं,” ते बाबांना म्हणाले.

“कुठं?”

“स्टेशनवर.”

ते वळणापलीकडं गेले, तेवढ्यात इंजिनियरचा फोन आला. गाडीचा मालक कोण ते कळलं का, त्यानं जपून विचारलं. कळलं, मी सांगितलं, ते आत्ताच स्टेशनकडं गेलेत, माझ्या बाबांना मागं बसवून.